कार्बन क्रेडिटच्या धंद्यात उतरायचं असेल तर आधी खरेदीदार बघा

प्रश्न विचारणारे सांगली जिल्ह्यातले मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पावर नोकरी करतात, बॉयलर-टर्बाइनचा हात बसलेला आहे. त्यांच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे एक संस्था येऊन गेली. 'तुमच्या बांधावरच्या आणि शेतातल्या झाडांचे कार्बन क्रेडिट आम्ही विकून देतो, एकरी पैसे सुरू होतील,' असं सांगून कराराचा मसुदा ठेवून गेली. (कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत न सोडलेल्या किंवा हवेतून शोषलेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडचा विकता येणारा दाखला.) त्यावरून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हरितगृह वायूंच्या उत्सर्जन व्यापारात खरंच धंदा आहे का, नोकरी सोडून त्यात पडावं का, आणि गावाने त्या करारावर सही करावी का.

मी क्योटो कराराच्या, म्हणजे विकसित देशांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दिवसांपासून याच कामात आहे. तेव्हा साखर कारखाने, पवनचक्क्या, सिमेंट अशा प्रकल्पांची कागदपत्रं केली, आता उद्योगांच्या उत्सर्जनाचा हिशेब आणि पडताळणीची तयारी करून देतो. धंदा आहे, यात मला शंका नाही. पण नव्याने येणारे बहुतेकजण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. ते विचारतात, क्रेडिट तयार कसं करायचं? त्याआधी विचारायला हवं, की हे क्रेडिट विकत घेणं कोणाला भाग आहे, कोणत्या कायद्याने, आणि कोणत्या वर्षापर्यंत? या तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिता येत नसतील, तर प्रकल्प कितीही चांगला असो, त्यावर कर्ज काढू नका.

कारण असं, की हवेत न सोडलेला एक टन कार्बन डायऑक्साइड ही वस्तू कोणाच्या गरजेची नाही. गूळ, कापूस, लोखंड कोणीतरी वापरतं म्हणून विकलं जातं. क्रेडिट विकलं जातं ते कुठल्या तरी सरकारने कुठल्या तरी उद्योगावर मर्यादा घातली म्हणून. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली आणि १९९५ पासून तो सोडण्याच्या परवान्यांचा व्यापार सुरू झाला, तेव्हा ही कल्पना चालते हे जगाला दिसलं. युरोपीय संघाने २००५ मध्ये तीच पद्धत कार्बनला लावली. पहिल्या टप्प्यात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मर्यादा ढिली की भाव नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आपल्याकडे हा धडा क्योटो कराराच्या 'क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम'मधून आला, ज्याला आम्ही सगळे सीडीएम म्हणतो. विकसनशील देशात एक टन उत्सर्जन टाळलं की एक सीईआर, म्हणजे या यंत्रणेने प्रमाणित केलेलं एक क्रेडिट, आणि तो युरोपातल्या कारखान्याला विकायचा. करार २००५ मध्ये अमलात आला आणि नोंदलेल्या प्रकल्पांच्या संख्येत भारत चीनखालोखाल दुसरा होता. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, दक्षिण महाराष्ट्रातले बगॅसवरचे, म्हणजे उसाच्या चिपाडावरचे, सहवीज प्रकल्प, मुंबईत गोराईची बंद केलेली कचराभूमी, सगळे या रांगेत होते.

तुमच्याच क्षेत्रातलं गणित मांडतो. एखादा कारखाना गळीत हंगामाचे १५० दिवस सरासरी १२ मेगावॅट वीज ग्रिडला देतो असं धरा. वर्षाला ४३,२०० मेगावॅट-तास झाले. ती वीज नसती तर ग्रिडने कोळसा जाळून बनवली असती. त्या काळच्या हिशेबाने मेगावॅट-तासामागे साधारण ०.८५ टन धरले तर ३६,७२० सीईआर. टनाला १२ युरो आणि युरोला ६० रुपये धरले, तर वर्षाचे अडीच कोटींहून जास्त. भांडवल परत फेडायला हातभार लावणारी रक्कम. आता हेच सीईआर २०१२ च्या अखेरच्या भावाने, म्हणजे अर्ध्या युरोच्याही खाली, विका. ०.४० युरोने वर्षाचे नऊ लाखांच्या आत रुपये येतात, आणि पडताळणी करणाऱ्या संस्थेची फी, नोंदणीचे शुल्क, सल्लागार हे सगळं धरलं तर खर्चच तेवढा. २००८ मध्ये वीस युरोच्या वर असलेली वस्तू चार वर्षांत इथे आली.

कारखान्यांनी काही वाईट काम केलं नव्हतं. वीज तेवढीच गेली, कोळसा तेवढाच वाचला. झालं एवढंच, की २००८ च्या मंदीने युरोपातलं उत्पादन घटलं, सीईआरचा पुरवठा वाढत गेला, आणि युरोपने नियम केला की २०१२ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांचे सीईआर फक्त अतिअविकसित देशांतलेच घेऊ. भारत त्या यादीत नाही. ब्रुसेल्समधल्या एका नियमाने आपल्याकडच्या शेकडो प्रकल्पांचा ग्राहक गेला. ज्यांनी क्रेडिटचं उत्पन्न वरकमाई म्हणून धरलं होतं ते तरले. ज्यांनी बँकेच्या हप्त्यात ते गृहीत धरलं, त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत, आणि म्हणूनच आज कोणी 'भाव वाढतच जाणार' असं सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, खरेदीदाराचा कायदा कुठे आहे?

आता भारतापुरतं बोलू, कारण या वेळी खरेदीदार आपल्या देशात तयार होतो आहे आणि ही मोठी गोष्ट आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी केंद्राने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली. कारभार ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीकडे, म्हणजे बीईईकडे. नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे. व्यवहारांवर देखरेख केंद्रीय वीज नियामक आयोगाची. आणि खरेदी-विक्री वीज एक्स्चेंजवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना उत्सर्जनाची उद्दिष्टं लागू झाली. पाया २०२३-२४ चा, उद्दिष्टं २०२५-२६ आणि २०२६-२७ ची. पोलाद, रिफायनरी, पेट्रोकेमिकल, कापड ही क्षेत्रंही योजनेच्या कक्षेत आहेत.

इथलं यंत्र युरोपपेक्षा वेगळं आहे, ते नीट समजून घ्या. युरोपात एकूण टनांवर मर्यादा असते. आपल्याकडे उत्पादनाच्या एका टनामागे किती उत्सर्जन, यावर. समजा एका सिमेंट कारखान्याला टनामागे ०.६०० टन हे उद्दिष्ट दिलं आणि त्याने ०.५८५ वर आणून दाखवलं. उत्पादन २० लाख टन असेल तर ०.०१५ गुणिले २० लाख, म्हणजे ३०,००० प्रमाणपत्रं (इथलं क्रेडिट, टनाला एक) त्याच्या खात्यात. शेजारच्या कारखान्याला ०.६१० वरच थांबावं लागलं, तर तेवढ्याच उत्पादनावर त्याला २०,००० विकत घ्यावी लागतील. घेतली नाहीत तर त्या काळातल्या सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई. ही दुप्पटीची तरतूद म्हणजे खरेदीदाराला भाग पाडणारा कायदा. ती काटेकोर वसूल झाली तर बाजार उभा राहील.

'झाली तर' असं म्हणण्यामागे अनुभव आहे. याच बीईईने २०१२ ते २०१५ या काळात 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड', म्हणजे पॅट योजनेचं पहिलं आवर्तन चालवलं. आठ क्षेत्रांतले ४७८ उद्योग. ऊर्जाबचत अपेक्षेपेक्षा जास्त झाली, हे कौतुकाचंच. पण जादा ऊर्जाबचतीची प्रमाणपत्रं निघाली ३८ लाखांहून अधिक आणि २०१७-१८ मध्ये ज्यांची विक्री झाली ती सुमारे १३ लाख. भाव १,२०० रुपयांना उघडला आणि पाहता पाहता काहीशेवर आला. कारण तेच, उद्दिष्टं सोपी. आजच्या योजनेतही एकूण टनांवर छत नसल्यामुळे चांगल्या वर्षी उत्पादन वाढलं की प्रमाणपत्रंही वाढणार. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत भावाचा कोणीही सांगितलेला आकडा व्यवसायाच्या आराखड्यात धरू नका. सरकारी उद्दिष्टाचं राजपत्र वाचा. पायाभूत वर्षापेक्षा किती टक्के कपात मागितली आहे ते पाहा. त्या टक्क्यात भाव दडलेला असतो.

तुमच्यासारख्या माणसाला यात जागा कुठे? व्यापाऱ्याची, दलालाची जागा सोडून द्या. तिथे मोठ्या वीज व्यापार कंपन्या आधीच बसल्या आहेत आणि त्यांच्यापाशी भांडवल आहे. पण बंधन घातलेल्या प्रत्येक कारखान्याला दरवर्षी उत्सर्जनाचा अहवाल द्यायचा आहे, तो मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेकडून तपासून घ्यायचा आहे, आणि तो तपासणीत टिकायला हवा. हे काम भाव पडला तरी बंद होत नाही, कारण ते बाजारभावावर अवलंबून नसून अहवाल देण्याच्या सक्तीवर अवलंबून आहे. सीडीएम कोसळल्यावर प्रकल्प विकणारे गेले, मोजणारे टिकले.

मोजणी म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची पडताळणी चालू होती. हंगाम संपल्यावर बगॅस कमी पडला म्हणून काही आठवडे कोळसा जाळला होता. परवानगी होती, फक्त त्या कोळशाचं उत्सर्जन एकूण क्रेडिटमधून वजा करायचं. स्टोअरच्या रजिस्टरला कोळसा निघाला होता १,८४० टन. बॉयलर हाउसच्या लॉगबुकात १,६१०. मधले २३० टन कुठे गेले? थोडा यार्डात शिल्लक होता, थोडा ओलावा, थोडी शिफ्ट बदलताना न लिहिलेली खेप. सगळं खरं होतं, पण लिहिलेलं काहीच नव्हतं. पडताळणी करणाऱ्याने जास्तीचा आकडा धरला. भारतीय कोळशाला टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर साडेतीनशेच्या आसपास क्रेडिट एका न भरलेल्या रकान्यामुळे गेली. शंका आली की आकडा विकणाऱ्याच्या विरोधात धरायचा, हा या क्षेत्राचा अलिखित नव्हे, लिहिलेला नियम आहे. मीटरच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र उशिरा मिळालं तर त्या काळापुरती मीटरची कमाल त्रुटी वजा. वजनकाट्याचा दाखला संपला असेल तर पुन्हा तेच. महावितरणबरोबरच्या जॉइंट मीटर रीडिंगचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळला नाही, तर जो कमी तो.

तुम्ही रोज हेच कागद पाहता. बगॅसचा ओलावा ४८ टक्के की ५२, वाफेचं तापमान, फीड वॉटर, कोणत्या शिफ्टला काय जळलं, हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येतं. एमबीए करून आलेल्या सल्लागाराला ते येत नाही. या व्यवसायात तुमचं भांडवल हेच आहे. त्यावर बीईईची प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा द्या, आणि उत्सर्जनाच्या हिशेबाचं आणि पडताळणीचं जे आयएसओ १४०६४ मानक आहे त्याचं प्रशिक्षण घ्या. नोकरी चालू ठेवून दोन्ही करता येतात. मग एखाद्या पडताळणी संस्थेच्या पथकात तांत्रिक तज्ज्ञ म्हणून जा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ज्या कारखान्याचा अहवाल तुम्ही तयार केला, त्याचीच पडताळणी तुम्हाला करता येत नाही. दोन्ही बाजूंनी पैसे घेण्याचा मोह होतो, आणि तिथेच या क्षेत्राची अब्रू जाते.

दुसरी जागा युरोपच्या सीमेवर उघडली आहे आणि महाराष्ट्राला ती फार जवळची आहे. कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम, म्हणजे सीबॅम. ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल देण्याचा टप्पा होता, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा लागला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज युरोपात आयात करताना त्या मालाच्या उत्पादनात झालेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रं युरोपातल्या आयातदाराने घ्यायची, आणि त्यांचा भाव युरोपच्या कार्बन बाजाराशी बांधलेला. भोसरी, चाकण, शिरोली इथून नट-बोल्ट पाठवणारा कारखानदार या यादीत येतो, कारण पोलादी फास्टनर यादीत आहेत. त्याचा जर्मन ग्राहक त्याला पत्र पाठवतो, की तुमच्या मालाच्या टनामागचं उत्सर्जन कळवा. न कळवल्यास आम्ही ठरावीक चढा आकडा धरू. आणि कारखानदार ते पत्र घेऊन सीएकडे जातो!

इथे थोडा तांत्रिक ज्ञानाचा फायदा होतो. पोलादाच्या मालाला सध्या सीबॅममध्ये फक्त थेट उत्सर्जन धरतात, विजेचं धरत नाहीत. नट-बोल्टच्या कारखान्यात थेट जळतं ते हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतला गॅस आणि डिझेल, बाकी सगळं विजेवर. म्हणजे त्याच्या मालातलं जवळजवळ सगळं उत्सर्जन त्याने विकत घेतलेल्या वायर रॉडमध्ये आहे. तो रॉड कोळशाच्या ब्लास्ट फर्नेसमधून आला की भंगार वितळवणाऱ्या भट्टीतून, यावर टनाला दोन टनांहून अधिक की त्याचा छोटासा अंश, हे ठरतं. त्यामुळे खरं काम म्हणजे रॉड पुरवणाऱ्या मिलकडून हीट नंबरनिहाय (भट्टीतल्या प्रत्येक घाणीच्या क्रमांकानुसार) उत्सर्जनाचा दाखला मिळवणं आणि तो आपल्या बॅचशी जोडणं. लहान कारखानदाराला मिल दाद देत नाही. दहा-पंधरा कारखानदारांच्या वतीने मागणारा एक माणूस असेल तर देते. तो माणूस बनणं हा आज, या क्षणी, पैसे देणारा व्यवसाय आहे. खरेदीदार आहे, कायदा आहे, आणि सक्ती दरवर्षीची आहे.

स्वेच्छेच्या बाजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या गावात आलेली संस्था त्याच बाजारातली आहे. इथे कंपन्या कायद्याने बांधलेल्या नसतात. आपली प्रतिमा, आपली जाहीर आश्वासनं यासाठी क्रेडिट घेतात. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या त्यातल्या मोठ्या नोंदणी संस्था. २०२१ मध्ये या बाजाराला उधाण आलं होतं. इंदूरच्या एका कार्बन कंपनीचा १०२ रुपयांना आलेला शेअर वर्षाच्या आत दहा हजारांच्या वर गेला आणि मग तितक्याच वेगाने उतरला. त्यानंतर शंकांचा काळ आला. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनॅबिलिटी'त सुधारित चुलींच्या प्रकल्पांचा अभ्यास आला. त्यातल्या नमुन्यात खऱ्या कपातीच्या नऊपटीहून जास्त क्रेडिट दिली गेल्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या बाजाराच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने नेहमीच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पांच्या पद्धतींना आपला उच्च दर्जाचा शिक्का नाकारला. भारतातली पवन आणि सौर क्रेडिट मोठ्या प्रमाणावर याच पद्धतींची आहेत.

नाकारण्यामागचं तत्त्व असं: क्रेडिटच्या पैशाशिवायही जे झालंच असतं, त्याला क्रेडिट नाही. आम्ही याला ॲडिशनॅलिटी म्हणतो. आज सौर वीज कोळशाच्या नव्या विजेपेक्षा स्वस्त आहे. मग सौर प्रकल्प क्रेडिटमुळे झाला असं कसं म्हणायचं? डिस्टिलरीचं उदाहरण घ्या. स्पेंट वॉश, म्हणजे तिचं सांडपाणी, उघड्या लगूनमध्ये (तळ्यात) सोडला की मिथेन निघतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक. डायजेस्टर (सांडपाणी बंद टाकीत कुजवणारं संयंत्र) लावून हजार घनमीटर बायोगॅस पकडला, त्यात साठ टक्के मिथेन धरला, तर सुमारे ०.४ टन मिथेन, म्हणजे ११ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडएवढं काम झालं. एके काळी यावर उत्तम प्रकल्प झाले. पण आज डिस्टिलरीला सांडपाणी बाहेर सोडायला परवानगीच नाही. जे कायद्याने करावंच लागतं त्याला क्रेडिट मागता येत नाही. तुमच्याकडे कोणीही प्रकल्प घेऊन आला की आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागवा आणि त्यातल्या अटी वाचा. निम्मे प्रकल्प तिथेच निकालात निघतात.

आणि तारखा. सीडीएममध्ये नियम होता, की प्रकल्प सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत 'आम्ही क्रेडिटचा विचार करून हे करतो आहोत' असं कळवायचं. संचालक मंडळाच्या ठरावात तसा उल्लेख लागायचा. इतर व्यवस्थांचे मुदतीचे नियम वेगळे आहेत, पण भावना तीच. यंत्रसामग्रीची ऑर्डर दिल्यावर, प्लांट चालू झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी लोक फोन करतात की आमचे क्रेडिट करून द्या. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

भारताच्या योजनेतही डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने बंधन नसलेल्यांसाठी स्वेच्छेचा दरवाजा उघडला आहे, आणि बीईईने मार्च २०२५ मध्ये त्यासाठी पहिल्या पद्धती मंजूर केल्या. त्यात कचराभूमीतला मिथेन आहे, कांदळवनांची लागवड आहे, उद्योगांतली ऊर्जाबचत आहे. कांदळवनाचं नाव वाचून मला फार आनंद झाला. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या खाड्यांत यावर काम होऊ शकतं आणि व्हायला हवं. पॅरिस कराराच्या कलम ६ खाली देशादेशांत होणारा व्यापारही हळूहळू आकार घेतो आहे. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये जपानशी त्यासाठी करार केला. पण त्यात परदेशी विकण्यासाठी भारताने मोजकेच प्रकार मोकळे ठेवले आहेत: साठवणुकीसह अक्षय ऊर्जा, हरित हायड्रोजन, कॉम्प्रेस्ड बायोगॅस अशासारखे, ज्यात भांडवल मोठं लागतं. साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर (रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीच्या गाळावर) चालणारा बायोगॅस यात बसू शकतो, त्याकडे लक्ष ठेवा.

आता गावचा करार. इथे मी सर्वांत जास्त काळजीने लिहितो आहे, कारण इथे नुकसान झालं तर ते शेतकऱ्याचं होतं. झाडं लावलेल्या एका एकरात वर्षाला दोन-तीन टन कार्बन डायऑक्साइड साठतो असं धरा. जात, अंतर, पाणी यांवर तो कमीजास्त होतो. टनाला दहा डॉलर मिळाले, डॉलरला ८५ रुपये धरले, तर अडीच टनाचे सव्वादोन हजारांच्या आत. यातून आधी नोंदणी संस्थेच्या राखीव साठ्यात काही टक्के जातात, कारण झाड जळू शकतं, तोडलं जाऊ शकतं. मग पडताळणी, मोजणी, नोंदणी यांचा खर्च. मग संस्थेचा वाटा. शेतकऱ्याच्या हातात एकरी वर्षाला हजार रुपये आले तर चांगलं झालं म्हणायचं, आणि तेही पहिल्या दिवसापासून नाही. झाड वाढून पहिली पडताळणी होईपर्यंत तीन ते पाच वर्षं जातात. 'एकरी दहा-पंधरा हजार' असं कोणी म्हणत असेल तर त्याला टन आणि भाव या दोन आकड्यांत ते लिहून द्यायला सांगा. तो लिहून देणार नाही.

मसुद्यात काय बघायचं? मुदत किती वर्षांची आहे. असे करार वीस, तीस, चाळीस वर्षांचे असतात, म्हणजे सही वडिलांची आणि बांधिलकी नातवाची. झाड तोडायचं झालं, जमीन विकायची झाली, वाटणी झाली, बँकेकडे गहाण टाकायची वेळ आली, तर काय होईल? क्रेडिटची मालकी कोणाकडे लिहिली आहे? 'निव्वळ उत्पन्नाच्या ७० टक्के शेतकऱ्याला' असं लिहिलं असेल तर 'निव्वळ' म्हणजे काय वजा जाता, आणि त्या खर्चाला वरची मर्यादा आहे का? विक्रीचा भाव शेतकरी कंपनीला दाखवण्याचं बंधन आहे का, की संस्था आपल्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकू शकते? आणि प्रकल्प ठरावीक मुदतीत नोंदलाच गेला नाही तर करार आपोआप संपतो का? हे शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत नसतं. ते नसेल तर दहा वर्षं काहीच न करता संस्था तुमचा हक्क अडवून ठेवू शकते, आणि दुसरा चांगला खरेदीदार आला तरी तुम्हाला जाता येणार नाही.

माझा सल्ला: आत्ता सही करू नका. हे प्रश्न लेखी पाठवा, लेखी उत्तर मागा, आणि संस्थेने आधी केलेल्या एखाद्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्डच्या नोंदवह्या सगळ्यांना खुल्या आहेत; त्या क्रमांकावर किती क्रेडिट खरोखर निघाली, कधी निघाली, हे तुम्ही घरी बसून पाहू शकता. आणि झाडं लावायचीच असतील तर फळासाठी, बांबूसाठी, लाकडासाठी, बांधाच्या मातीसाठी लावा. क्रेडिटचे पैसे आले तर वर.

कराचा मुद्दा लोक शेवटी विचारतात म्हणून आधीच सांगून ठेवतो. २०१७ च्या अर्थसंकल्पाने कार्बन क्रेडिटच्या विक्रीवर १० टक्के आयकर, अधिक अधिभार आणि उपकर, असा वेगळा दर आणला. त्यातून कसलाही खर्च वजा मिळत नाही. पण त्या कलमातली क्रेडिटची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान यंत्रणेने प्रमाणित केलेल्या क्रेडिटपुरती होती. स्वेच्छेच्या बाजारातलं उत्पन्न त्यात धरायचं की नाही, हे आपल्या सीएकडून लेखी घ्या, आणि ते करार करण्याआधी घ्या, कारण भावातला वाटा ठरवताना त्याचा फरक पडतो.

नोकरीबद्दल: एकदम सोडू नका. येत्या हंगामात तुमच्याच प्लांटचा उत्सर्जनाचा वर्षभराचा हिशेब मांडून पाहा, कोणी मागितला नसला तरी. बगॅस, कोळसा, डिझेल जनरेटर, कारखान्याने ग्रिडमधून घेतलेली वीज, प्रत्येक आकड्यामागे मूळ कागद, प्रत्येक मीटरचा आणि काट्याचा कॅलिब्रेशन दाखला. केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करतं; तो सध्या युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे, तोच वापरा. हे पूर्ण झालं की तो हिशेब एखाद्या अनुभवी पडताळणी करणाऱ्याला दाखवा आणि त्याला त्यातल्या त्रुटी काढायला सांगा. मला पाठवलात तरी चालेल, मी वेळ काढून वाचेन. त्यानंतर शिरोलीतल्या किंवा मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन निर्यातदारांकडे जाऊन त्यांना युरोपातून आलेली पत्रं दाखवायला सांगा.